न दिसणारा वारसा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. म्हणून त्यांच्याच वर्गातला एक धडा मी आज बोलायला घेतला आहे : माणसातले प्रभावी आणि अप्रभावी गुण. वाटाण्याची उंच आणि बुटकी झाडे, तीनास एक हे प्रमाण, परीक्षेला हमखास येणारी चौकोनांची आकृती हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाठ केलेले असते. परीक्षा झाली की ती आकृती आपण विसरतो. पुढे घरात एखादे मूल आजार घेऊन जन्माला येते, आणि त्याच विषयावर घरातली मोठी माणसे निकाल देऊन मोकळी होतात : ‘आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. हे सुनेच्या माहेरून आलं.’

हा निकाल विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. त्याची शिक्षा मात्र एका बाईला जन्मभर भोगावी लागते. प्रभावी-अप्रभावी हा भेद नीट समजला तर असा निकाल देणे कुणालाही शक्य होणार नाही, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी थोडे मुळापासून जाऊ.

ग्रेगोर मेंडेल हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहराच्या मठात राहणारे धर्मगुरू. १८५६ पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे संकर केले. गोल बियांच्या वाणाशी सुरकुतलेल्या बियांच्या वाणाचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल निघाल्या. त्या पेरून दुसरी पिढी घेतली, तेव्हा ५,४७४ बिया गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या मिळाल्या; म्हणजे जवळजवळ तीनास एक. मधल्या पिढीत सुरकुती नष्ट झाली नव्हती. ती झाकली गेली होती, आणि पुढच्या पिढीत जशीच्या तशी परत आली. मेंडेल यांनी हे १८६५ मध्ये मांडले, १८६६ मध्ये छापले, आणि १९०० पर्यंत त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर आपल्याकडे बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या दोन प्रती वेगळ्या असतील आणि त्यांतल्या एकीचाच परिणाम दिसत असेल, तर ती प्रभावी. जिचा परिणाम दिसत नाही ती अप्रभावी. दिसत नसली तरी ती शाबूत असते, आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची तिची शक्यता दुसरीइतकीच, म्हणजे निम्मी असते.

माणसात हा नियम पहिल्यांदा दिसला तो एका विरळ आजारात. अल्काप्टोन्युरिया झालेल्या माणसाची लघवी काही वेळ राहू दिली की काळी पडते. लंडनचे डॉ. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०२ मध्ये असे रुग्ण तपासले. आई-वडील निरोगी, भावंडांपैकी एखाद-दुसऱ्याला आजार, आणि अनेक कुटुंबांत आई-वडील एकमेकांची चुलत किंवा मावस-मामे भावंडे, असे चित्र त्यांना दिसले. हा अप्रभावी वारसा आहे, हे आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांच्या मदतीने त्यांनी ओळखले. १९०५ मध्ये विल्यम फॅराबी यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबाचा अभ्यास छापला. त्या घराण्यात आखूड बोटे पाच पिढ्या एकही पिढी न चुकता येत होती. तो प्रभावी वारसा होता.

एक प्रत झाकली जाते आणि दुसरी दिसते, असे का होते? बहुतेक जनुके शरीराला एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगतात. एक प्रत बिघडली तरी दुसरी निम्म्या प्रमाणात प्रथिन तयार करते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते. म्हणून बिघाड दिसत नाही. गॅरड यांच्या रुग्णांत दोन्ही प्रती बिघडल्यामुळे एक विकर अजिबात तयार होत नव्हते. प्रभावी आजारात पुष्कळदा वेगळे घडते. मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टन आजारात बिघडलेली प्रत लांबलेले, अपायकारक प्रथिन बनवते; चांगली प्रत शेजारी असून तो अपाय थांबवू शकत नाही. अकॉन्ड्रोप्लेझियामध्ये, म्हणजे हातपाय आखूड राहणाऱ्या बुटकेपणात, हाडांची वाढ रोखणारा संदेश सतत चालू राहतो. एका प्रतीने चालू ठेवलेला संदेश दुसरी प्रत बंद करू शकत नाही.

याच बुटकेपणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. अशा सुमारे ८० टक्के व्यक्तींचे आई-वडील सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो, तो कुणाच्याही घराण्यातून आलेला नसतो. प्रभावी गुण आहे म्हणजे पूर्वज शोधलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही.

हंटिंग्टन आजाराचा उल्लेख आला, तर व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कोळी वस्त्यांबद्दल सांगायलाच हवे. तिथे हा आजार जगात सर्वाधिक प्रमाणात आढळतो. संशोधक नॅन्सी वेक्स्लर यांच्या आईला हाच आजार होता. वेक्स्लर यांनी वर्षानुवर्षे तिथे जाऊन वंशावळी आणि रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातून १९८३ मध्ये जनुकाची जागा कळली आणि १९९३ मध्ये जनुक सापडले. आजार साधारण तिशी-चाळिशीनंतर उघड होतो, तोवर मुले झालेली असतात आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी उपलब्ध आहे. तरी धोका असलेली पुष्कळ माणसे ती करून घेत नाहीत, कारण आजार थांबवणारा उपचार अजून हाती नाही. न जाणण्याचा हा हक्क वैद्यकशास्त्र मानते, आणि मानलाच पाहिजे.

प्रभावी म्हणून पसरत नाही

प्रभावी गुण हळूहळू सगळ्या समाजात पसरतो आणि अप्रभावी मागे पडत जातो, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. १९०८ मध्ये इंग्लंडच्या विद्वानांनाही हाच प्रश्न पडला होता : आखूड बोटे प्रभावी असतील, तर देशातली तीन-चतुर्थांश माणसे आखूड बोटांची का नाहीत? आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी हा प्रश्न केंब्रिजमधले गणितज्ञ मित्र जी. एच. हार्डी यांना विचारला. पुढे रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे ते हेच हार्डी. त्यांनी थोडक्या बीजगणितात दाखवून दिले, की निवड, स्थलांतर किंवा नवे बदल नसतील आणि लोकसंख्या मोठी असेल, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेवढेच राहते. प्रभावीपणामुळे त्यात काहीच फरक पडत नाही. जर्मनीत डॉ. विल्हेल्म वाइनबर्ग त्याच वर्षी त्याच नियमापर्यंत पोहोचले होते.

याचा पुरावा आपल्या अवतीभोवती आहे. हाताला सहावे बोट असणे हा गुण अनेक कुटुंबांत प्रभावी रीतीने येतो, तरी तो विरळच आहे. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी आहे, तरी या सभागृहात ‘ओ’ गटाची माणसे भरपूर असतील. दक्षिण अमेरिकेतल्या अनेक मूळनिवासी समाजांत तर जवळजवळ सगळेच ‘ओ’ गटाचे आहेत. एखादा गुण प्रभावी आहे म्हणून तो सरस ठरत नाही, वारंवार आढळत नाही आणि टिकाऊही होत नाही. दोन वेगळ्या प्रती एकत्र आल्या तर काय दिसेल, एवढेच त्यातून कळते.

मुंबईत सापडलेला रक्तगट

रक्तगटांतच आणखी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ‘ए’ आणि ‘बी’ ही जनुके एकत्र आली तर कुणीच कुणाला झाकत नाही. दोन्ही आपापला ठसा उमटवतात आणि गट ‘एबी’ होतो. याला सहप्रभावी वारसा म्हणतात. दुसरी गोष्ट मुंबईची. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनमधल्या संशोधकांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. आज जग त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणते. रक्तपेशीवर आधी ‘एच’ नावाची साखर बसते आणि तिच्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची साखर जोडली जाते. ‘एच’ बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही त्याला काही जोडायला जागाच उरत नाही. अशा माणसाचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटते. पण त्याच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून त्याला ‘ओ’ रक्तही चालत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते.

याचा माणसाच्या अब्रूशी थेट संबंध आहे. आई ‘ओ’, वडील ‘ओ’ आणि मूल ‘बी’ निघाले, तर लोक काय बोलतात ते आपण जाणतो. आई बॉम्बे गटाची असेल आणि तिच्याकडे ‘बी’ जनुक झाकलेले असेल, तर असे मूल होणे पूर्णपणे नैसर्गिक आहे. एका अप्रभावी जनुकाच्या दोन प्रतींनी दुसऱ्या जनुकाला झाकलेले असते. हे ठाऊक नसताना केवळ रक्तगटाच्या चिठ्ठीवरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा अन्याय आहे.

लग्न जमवताना आपल्याकडे आणखी एक भीती बाळगली जाते : ‘मुला-मुलीचा रक्तगट एकच आहे, मुलांना त्रास होईल.’ असा कोणताही त्रास होत नाही. लक्ष द्यायचे ते आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा. निगेटिव्ह हा गुण अप्रभावी, त्यामुळे बाळ पॉझिटिव्ह असू शकते. तेव्हा आईला वेळेवर अँटी-डी इंजेक्शन द्यायचे असते. त्यासाठी लग्न मोडायची गरज नाही. डॉक्टरांना सांगायची गरज आहे.

शाळेतल्या उदाहरणांविषयीही सावध राहिले पाहिजे. जिभेची गुंडाळी करता येणे हा प्रभावी गुण, असे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये सुचवले होते. पुढे एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ती करता येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे आढळले, आणि स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच तो दावा सोडला. कानाची पाळी चिकटलेली की मोकळी, हेही एका जनुकाचे काम नाही. घारे डोळे, त्वचेचा रंग, उंची यांच्यामागे अनेक जनुके असतात. घाऱ्या डोळ्यांच्या आई-वडिलांना काळ्या डोळ्यांचे मूल होऊ शकते. वर्गात मुलांना आई-वडिलांच्या कानाच्या पाळ्या पाहून यायला सांगणाऱ्या शिक्षकांनी हे आधी सांगावे, नाहीतर एखाद्या मुलाच्या मनात नको ती शंका घर करते.

एकच जनुक, चार उत्तरे

आता आपल्या राज्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो : सिकलसेल हा रक्ताचा आजार. नंदुरबारच्या सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा शब्द प्रत्येक आशाताईला माहीत आहे. भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, परधान, माडिया अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या अनुसूचित जातींत हे जनुक बऱ्याच प्रमाणात आहे. भारतातल्या वेगवेगळ्या आदिवासी समाजांत वाहकांचे, म्हणजे या जनुकाची एकच प्रत बाळगणाऱ्यांचे, प्रमाण १ टक्क्यापासून ४० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे.

या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हे जनुक आढळले आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतले फक्त सहावे बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे १९५६-५७ मध्ये दाखवले. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे लांब धागे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांत मोडते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. रुग्णाच्या घरची माणसे ज्याला ‘क्रायसिस’ म्हणतात तो हाच.

हे जनुक प्रभावी की अप्रभावी? उत्तर आपण कुठे पाहतो यावर ठरते. आजार पाहिला तर ते अप्रभावी आहे. दोन प्रती असलेला एसएस आजारी, एक प्रत असलेला एएस सहसा निरोगी. काचपट्टीवर ऑक्सिजन काढून घेऊन पेशी पाहिल्या, तर एएस माणसाच्याही पेशी वाकतात, म्हणजे एक प्रत पुरेशी ठरते. म्हणूनच १९२३ मध्ये संशोधकांनी या गुणाला प्रभावी म्हटले होते. आजार आणि वाहकपणा यांचा उलगडा पुढे १९४९ मध्ये जेम्स नील यांनी केला. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्प्रवाहात हिमोग्लोबिन वेगळे करून पाहिले. वाहकात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी दिसले. प्रथिनाच्या पातळीवर ते सहप्रभावी होते. चौथे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिले. एक प्रत असलेल्या मुलांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते. तिथे एका प्रतीचाच फायदा होतो.

मेंडेल यांच्या वाटाण्यातही हेच आहे. सुरकुतलेल्या बीमध्ये स्टार्च बनवणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते, हे १९९० मध्ये कळले. बाहेरून गोल दिसणारी संकरित बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिचे स्टार्चचे कण दोन्ही जातींच्या मधले असतात. डोळ्यांना पूर्ण झाकलेला वाटणारा वारसा जवळून पाहिला की दिसतो.

चौथ्या, मलेरियाच्या उत्तराचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सातपुड्यात आणि गोंडवनात हे जनुक टिकले, कारण मलेरियाच्या रानात त्याने हजारो लेकरांचे प्राण वाचवले. वाहकांचे पूर्वज जगले, म्हणून वाहक आज आहेत. या वारशाची लाज वाटावी असे त्यात काही नाही.

गावोगावच्या तपासणीत एक घोटाळा नेहमी होतो. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून धडधाकट तरुण स्वतःला आजारी समजू लागतो, सोयरीक मोडते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी केल्यावरच कळते. ती दुसरी तपासणी होईपर्यंत कुणीही कुणावर शिक्का मारू नये.

दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि दोन्ही प्रती चांगल्या असण्याची चारात एक. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील,’ असे आशेने म्हणणारे आई-वडील मला भेटले आहेत. नाणे उडवताना मागचा कौल त्याला आठवत नाही, तसे प्रत्येक गर्भाचे गणित नव्याने सुरू होते. वाहकाने दोन्ही प्रती चांगल्या असलेल्या व्यक्तीशी लग्न केले, तर एसएस मूल होत नाही. वाहकाने लग्नच करू नये, या म्हणण्याला कसलाही आधार नाही.

सगळ्यांच्याच घरात

‘आमच्या घराण्यात नव्हतं’ या म्हणण्याचा हिशोब मांडू. एखादा अप्रभावी आजार दहा हजारांत एकाला होत असेल, तर हार्डींच्या नियमाने त्या समाजात दर दहा हजारांत १९८ वाहक असतात. साधारण पन्नासात एक. एका रुग्णामागे जवळजवळ दोनशे निरोगी माणसे तेच जनुक बाळगून असतात. अशा आजारांची जनुके शेकड्यांनी आहेत. आपण प्रत्येक जण त्यांतल्या काहींचे वाहक आहोत, मीही आणि तुम्हीही. आजार दिसला नाही, म्हणजे जनुक नव्हते असे होत नाही. आणि मूल अप्रभावी आजाराचे असेल, तर जवळजवळ नेहमीच एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते. दोष द्यायचाच म्हटला तरी तो निम्मा-निम्मा वाटावा लागेल, आणि ज्यात कुणाची निवडच नव्हती त्यात दोष कसला?

हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांत जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो, म्हणून तिथे बाईला बोल लावणे आणखी सोपे जाते. तेही तितकेच चूक आहे. तो एक्स तिला तिच्या वडिलांकडून किंवा आईकडून मिळालेला असतो, आणि हिमोफिलियात बरेचदा बदल नव्यानेच झालेला असतो.

गोत्र टाळले म्हणजे धोका टळला, असेही मानतात. गोत्र वडिलांच्या बाजूने चालते, जनुके मात्र दोन्ही बाजूंनी येतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आते-मामे भावंडांची सुमारे एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे जन्मजात गंभीर आजारांचा जो सर्वसाधारण धोका दोन-तीन टक्के असतो, त्यात साधारण तेवढीच भर पडते. म्हणजे अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच होतात, पण धोका खरा आहे आणि लग्नाआधी तो सांगितला पाहिजे. शतकानुशतके जातीतच लग्ने होत राहिल्याने काही जनुके काही समाजांत साचली आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत बीटा थॅलेसेमिया या अप्रभावी रक्तविकाराचे वाहक अधिक आढळतात. तरी यातून कुठलाही समाज पूर्ण सुटलेला नाही.

मग आजारी माणसांना मुले होऊ न देता असे जनुक नाहीसे करता येईल का? विसाव्या शतकात हे क्रूरपणे करून पाहिले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये व्हर्जिनियाचा सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा उचलून धरला. नाझी जर्मनीने १९३३ मध्ये तसाच कायदा करून सुमारे चार लाख माणसांवर सक्ती केली. नीतीने हे पाप होते, आणि गणितानेही ते फोल होते. दहा हजारांत एक असा अप्रभावी आजार घ्या. प्रत्येक पिढीत एकाही रुग्णाला मूल होऊ दिले नाही, तरी त्या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतात. कारण जवळजवळ सगळी जनुके निरोगी वाहकांत असतात.

ज्ञान चांगल्या हेतूने दिले, तरी ते कसे दिले याने फरक पडतो. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेलची तपासणी झाली आणि वाहकांवरच कलंक लागला. अमेरिकेत १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय वाहकांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. दुसरीकडे सायप्रसने थॅलेसेमियासाठी लग्नाआधीची तपासणी सार्वत्रिक केली, निर्णय जोडप्यावर सोडला आणि सोबत समुपदेशन दिले. तिथे नव्याने जन्मणारे रुग्ण जवळजवळ थांबले. दोन्हीकडे विज्ञान एकच होते. फरक पडला तो माणसांना दिलेल्या वागणुकीमुळे.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले. सिकलसेलवर आदिवासी भागांत दीर्घकाळ संशोधन आणि सेवा करणाऱ्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे धडगाव किंवा भामरागडच्या मुलासाठी तो आज नसल्यासारखाच. त्या मुलाला आज हवी आहे ती नियमित मिळणारी गोळी, जवळच्या आरोग्य केंद्रातले रक्त, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना दिलेले प्रमाणपत्र, विनासायास.

शेवटी तुमच्याकडे मागणे मागतो. महाविद्यालयांनी लग्नाच्या वयाआधीच मुला-मुलींची सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल फक्त त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा. सोयरीक जुळवताना आपण पत्रिका मागतो. त्यासोबत दोघांचाही रक्ततपासणीचा अहवाल मागावा, एकट्या मुलीचा मागू नये. दोघेही वाहक निघाले तर समुपदेशकाकडे जावे. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते, आणि पुढचा निर्णय त्या जोडप्याचा असतो. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि तिला रक्ताचे काही थेंब लागतात. या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या तरुणांना या महिन्यातच तिथे पाठवावे, ही माझी विनंती आहे.